कमी बजेटचा रुंद पडद्याचा टीव्ही: निवडताना, बसवताना आणि वापरताना

दहा ते तीस हजार रुपयांच्या पट्ट्यात टीव्ही घेणाऱ्याने दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच एक गोष्ट मान्य केलेली बरी. या किमतीत उत्तम पडदा, भरदार आवाज, चपळ सॉफ्टवेअर आणि तत्पर सेवा या चारही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. कंपनीने कुठेतरी हात आखडता घेतलेलाच असतो. तो कुठे आखडला आहे हे खोक्यावर छापलेले नसते. तेथे छापलेले असते ते बहुधा उरलेल्या गोष्टींचे कौतुक. म्हणून ही काटकसर नेमकी कोठे झाली आहे ते हुडकणे, आणि ती आपल्या भिंतीवर, आपल्या केबलवर आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात आपल्याला नडणार आहे की नाही ते ठरवणे, हेच ग्राहकाचे खरे काम आहे.

किमतीबाबत एक बदल ध्यानात ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर तो आधीपासूनच १८ टक्के होता. ज्या टीव्हीची करपूर्व किंमत २०,००० रुपये आहे तो पूर्वी २५,६०० रुपयांना पडे, तो आता २३,६०० रुपयांना पडतो. लहान टीव्ही घेण्यामागचे कराचे कारण त्यामुळे संपले आहे. आता आकार ठरवायचा तो खोली पाहूनच.

खोली आणि आकार

टीव्हीचा आकार इंचांत सांगतात तो पडद्याच्या कर्णाचा असतो, रुंदीचा नव्हे, आणि रुंद पडद्यात रुंदी व उंचीचे प्रमाण १६:९ असते. त्यामुळे ३२ इंची पडदा प्रत्यक्षात सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर उंच भरतो, ४३ इंची ९५ बाय ५४, आणि ५५ इंची १२२ बाय ६८. ज्यांच्या घरी पूर्वी २९ इंची डबा टीव्ही होता त्यांना ३२ इंची नवा टीव्ही लावल्यावर तो लहानच वाटतो, याचे कारण या मापांत आहे: रुंदी वाढली, पण उंची जवळपास होती तेवढीच राहिली.

दुकानातल्या उंच छताखाली, पन्नास-साठ टीव्हींच्या रांगेत कोणताही पडदा लहान दिसतो, त्यामुळे तेथे आकाराचा निर्णय घेऊ नये. घरी जुनी वर्तमानपत्रे चिकटवून वरच्या मापाचा आयत करावा, तो नियोजित जागी भिंतीवर लावावा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्यावा. मंगळवार पेठ किंवा शिवाजी पेठेतल्या जुन्या घराच्या सोप्यात बैठक आणि समोरची भिंत यांत अनेकदा सहा-सात फूटच अंतर असते. तेथे ४३ इंच पुरेसे होतात. राजारामपुरी किंवा कळंब्याकडच्या फ्लॅटमधल्या दहा फुटी हॉलमध्ये ५० किंवा ५५ इंच शोभतात. बसण्याची जागा सहा फुटांच्याही आत असेल, किंवा टीव्ही झोपण्याच्या खोलीत लावायचा असेल, तर ३२ इंचांतच समाधान मानावे. घरात मुख्यतः साधी केबलच पाहिली जात असेल, तर या हिशेबातून एक माप खाली उतरावे.

साध्या केबलच्या चित्रात फार तर ७२० बाय ५७६, म्हणजे सुमारे चार लाख ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके भरायचे असतात. याचा अर्थ पडद्यावरच्या वीस ठिपक्यांपैकी एकाच ठिपक्याची माहिती केबलवरून आलेली असते. उरलेले एकोणीस टीव्हीने अंदाजाने रंगवलेले असतात. महागड्या टीव्हीतला प्रोसेसर हा अंदाज बऱ्यापैकी करतो, स्वस्त टीव्हीतला ढोबळपणे करतो, आणि पडदा जितका मोठा तितका हा ढोबळपणा उघडा पडतो. नवा टीव्ही आणल्यावर ‘जुन्यावर चित्र चांगले दिसत होते’ असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, तेव्हा त्यांचे म्हणणे उडवून लावू नये. ते बहुधा बरोबर असतात.

यावरचा उपाय नवा टीव्ही परत करणे हा नव्हे, तर सेट-टॉप बॉक्स बदलून एचडी घेणे हा आहे, आणि तो बॉक्स एचडीएमआय केबलनेच जोडणे हा आहे. केबलवाला घाईत असतो. तो जुन्या टीव्हीची लाल-पांढरी-पिवळी वायर तशीच नव्याला लावून निघून जातो, आणि एचडीचे पैसे भरूनही घरात वर्षानुवर्षे साधेच चित्र पाहिले जाते. टीव्हीच्या पाठीमागे एकदा डोकावून पाहण्याने ही तक्रार मिटते.

आकाराबरोबरच बारकाव्याचाही प्रश्न येतो. ३२ इंची टीव्ही बहुधा एचडी रेडी, म्हणजे १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचे असतात, आणि सहा फुटांवरून ते पुरतात. ४३ इंचांत फुल एचडी आणि फोर-के असे दोन्ही मिळतात. आठ फुटांवरून या दोहोंतला फरक माझ्या मते डोळ्यांना जेमतेम जाणवतो, तरीही किमतीत दोन-तीन हजारांचेच अंतर असेल तर फोर-के घ्यावा, कारण कंपन्या बरा प्रोसेसर आणि बरा पडदा त्याच मॉडेलांत घालतात.

दुकानात काय पाहावे

शोरूममध्ये सगळ्या टीव्हींवर कंपनीने दिलेली एकच फीत चालू असते: समुद्रतळाचे मासे, फुले, मधाची धार. त्या फितीवर वाईट दिसेल असा टीव्ही अजून निघायचा आहे. म्हणून विक्रेत्याला सरळ सांगावे, ‘मालक, हे जरा बंद करा आणि केबलचं बातम्यांचं मराठी चॅनेल लावा की.’ चॅनेल लागल्यावर वृत्तनिवेदकाकडे न पाहता पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या बातम्यांच्या पट्टीकडे पाहावे. स्वस्त पडद्यावर अक्षरे सरकताना त्यांच्यामागे फिकट सावली ओढली जाते, शिरोरेषेला करवतीसारखे दात दिसतात, आणि वेलांटी की काना हे ओळखायला डोळे बारीक करावे लागतात. चार-पाच फुटांवरून ही पट्टी न अडखळता वाचता आली, तर पडदा आणि प्रोसेसर दोन्ही कामाचे आहेत असे समजावे.

दुसरी कसोटी फुटबॉलची. शाहू स्टेडियमवर तालमींच्या, म्हणजे पेठांतल्या संघांचे, सामने पाहण्यासाठी गर्दी करणाऱ्या आणि विश्वचषकाच्या वेळी गल्लीत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लावणाऱ्या या शहरात ती सांगावी लागू नये, पण टीव्ही घेताना ती कोणालाच आठवत नाही. मोबाइलवरून कोणत्याही सामन्याची चित्रफीत टीव्हीवर लावावी आणि कॅमेरा मैदानावरून आडवा फिरतो तेव्हा हिरवळीकडे नीट पाहावे. पडद्यामागचा प्रकाश सगळीकडे सारखा पसरलेला नसेल, तर एकसारख्या हिरव्या रंगावर उभे मळकट पट्टे कॅमेऱ्याबरोबर न हलता जागच्या जागी थांबलेले दिसतात. एकदा ते दिसले की पुढे प्रत्येक सामन्यात दिसत राहतात. लांब मारलेल्या चेंडूला शेपूट फुटते का, तेही याच वेळी पाहून घ्यावे.

तिसरी कसोटी काळ्या पडद्याची. पूर्ण काळे चित्र लावून, शक्य असल्यास जवळचा दिवा मालवायला सांगून, चारही कोपरे पाहावेत. थोडा राखाडीपणा या किमतीत चालवून घ्यावा लागतो, पण एखाद्या कोपऱ्यातून टॉर्च मारल्यासारखा उजेड येत असेल तर तो नग नको म्हणून सांगावे. शेवटी एकदा बाजूला सरकून, आणि एकदा खाली वाकून, तिरप्या नजरेने पडदा पाहावा. या किमतीतले पडदे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. आयपीएस प्रकारात बाजूने पाहिले तरी रंग फारसे उडत नाहीत, पण काळा रंग राखाडीकडे झुकतो. व्हीए प्रकारात काळा रंग गडद असतो, पण बाजूने पाहणाऱ्याला चेहरे फिके दिसतात. सोप्यात कोणी दिवाणावर, कोणी खाली सतरंजीवर आणि कोणी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मालिका पाहत असेल, तर आयपीएस बरा. एकदोघांनी रात्री दिवे मालवून समोर बसून सिनेमे पाहायचे असतील, तर व्हीए. गंमत अशी की एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या खेपांत वेगवेगळे पडदे निघू शकतात, त्यामुळे माहितीपत्रकापेक्षा आपल्या डोळ्यांवर अधिक भरवसा ठेवावा.

खोक्यावरच्या शब्दांपैकी ‘ए प्लस ग्रेड पॅनेल’ हा निव्वळ विक्रीचा शब्द आहे. ‘एचडीआर’, म्हणजे चित्रातला उजेड आणि अंधार यांतला फरक अधिक ठळक दाखवण्याची पद्धत, हा खरा तंत्रशब्द आहे, परंतु त्याचा परिणाम दिसायला पडदा बराच प्रखर लागतो. स्वस्त टीव्हींची प्रखरता बहुधा २५० ते ३०० निट्सच्या आसपास असते, आणि तेवढ्यावर एचडीआर चित्र कधीकधी साध्यापेक्षा काळवंडलेलेच दिसते. ‘क्यूएलईडी’ म्हणजे रंग सुधारणारा थर बसवलेला एलसीडी पडदा. तो वाईट नाही, पण केवळ त्या नावासाठी चार-पाच हजार जास्त मोजू नयेत. बीईईच्या, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या, तारांकित पट्टीवर वर्षाचा वीजवापर युनिटांत छापलेला असतो, तो मात्र अवश्य वाचावा. १०० वॅटचा टीव्ही रोज पाच तास चालला तर महिन्याला १५ युनिटे होतात, आणि ती महावितरणच्या बिलात दर महिन्याला उमटत राहतात.

सॉफ्टवेअरबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. बहुतेक जण रिमोटवरची बटणे आणि ॲपची यादी पाहून टीव्ही निवडतात. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर ही या यंत्रातली सर्वांत लवकर शिळी होणारी वस्तू आहे, आणि सर्वांत सहज बदलता येणारीही. दोन-तीन वर्षांनी टीव्ही रेंगाळू लागला, तर काही हजार रुपयांची स्ट्रीमिंग स्टिक एचडीएमआय पोर्टात खोचून तो पुन्हा चालता करता येतो. खराब पडद्यावर मात्र असा कोणताही उतारा नाही. तरीही रॅम दोन जीबी असेल तर उत्तम, एक जीबी असेल तर ॲप उघडायला लागणारा वेळ दुकानातच मोजून पाहावा. काही फार स्वस्त टीव्हींवर ‘अँड्रॉइड’ असे लिहिलेले असते, पण ती परवाना नसलेली आवृत्ती असते आणि तिच्यावर काही मोठ्या सेवांची ॲप नीट चालत नाहीत. म्हणून आपल्याला हवी ती ॲप विक्रेत्याकडून समक्ष सुरू करवून घ्यावीत. एचडीएमआय पोर्ट तीन असावेत, त्यांतला एक एआरसीचा, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारा असावा, म्हणजे पुढे साउंडबार जोडता येईल. दाट वस्तीत शेजारपाजारच्या वायफायची गर्दी असते, तेथे ५ गिगाहर्ट्‌झचे वायफाय असलेला टीव्ही कमी अडकतो.

आवाजाबद्दल फार अपेक्षा ठेवू नये. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे संवाद भिंतीवर आपटून येतात. ऐकू कमी येणारी माणसे घरात असतील तर तीन-चार हजारांचा साधा साउंडबार किंवा घरात पडून असलेले जुने स्पीकर जोडावेत.

सेवा, बिल आणि हप्ते

राजारामपुरी, शाहूपुरी आणि लक्ष्मीपुरी भागांतल्या दुकानांत दसरा-दिवाळीला आणि पाडव्याला चांगली घासाघीस होते, आणि ऑनलाइन विक्रीतही त्याच सुमारास भाव उतरतात. कोठून घ्यावा यापेक्षा बिघडल्यावर कोण येणार हा प्रश्न मोठा आहे. टीव्ही निश्चित करण्यापूर्वी कंपनीच्या ग्राहकसेवा क्रमांकावर फोन लावावा, आपला पिनकोड, उदाहरणार्थ ४१६००१, सांगावा आणि दुरुस्तीचा माणूस कोल्हापुरातलाच आहे की दुसऱ्या शहरातून येतो, हे विचारावे. पलीकडून स्पष्ट उत्तर आले नाही, तर ते उत्तरच समजावे. गारगोटी, गडहिंग्लज किंवा गगनबावड्याकडे टीव्ही नेणार असाल, तर तेथील पिनकोड सांगून हे विचारणे अधिकच गरजेचे आहे.

बिल जीएसटीचे पक्के घ्यावे, त्यावर मॉडेलबरोबर अनुक्रमांक लिहून घ्यावा, आणि तो खोक्यावरच्या व टीव्हीच्या पाठीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. वॉरंटीत पडदा किती काळ धरला आहे आणि बाकीचे भाग किती काळ, हे वेगवेगळे विचारावे. आपटून फुटलेला पडदा नेहमीच्या वॉरंटीत कधीच बसत नाही. ‘बिनव्याजी’ हप्त्यांत प्रक्रिया शुल्क असते आणि रोखीवर मिळणारी सूट बहुधा हातची जाते. दोन्ही मिळून जो आकडा होतो तोच या हप्त्यांचा खरा भाव.

खोके तंत्रज्ञ येईपर्यंत फोडू नये, आणि फोडताना सुरुवातीपासून मोबाइलवर सलग चित्रण करावे. पांढरा, काळा, लाल, हिरवा व निळा असे कोरे रंग पूर्ण पडद्यावर लावणाऱ्या चित्रफिती इंटरनेटवर सापडतात. त्या लावून मेलेले ठिपके आणि डाग तंत्रज्ञासमोरच शोधावेत. दोष असूनही दुकानदार आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवू लागले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करता येते.

दुकानातून स्वतःच टीव्ही आणणार असाल तर खोके उभेच आणावे. टेम्पोत ते आडवे टाकले की स्वतःच्या वजनाने आणि रस्त्यातल्या खड्ड्यांनी पडद्याला चीर जाऊ शकते, आणि ती चीर खोके उघडल्यावरच कळते. दुचाकीवर दोघांच्या मध्ये धरून आणण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा.

भिंत, वायर आणि सेटिंग

टीव्ही भिंतीवर टांगण्यापूर्वी भिंत कशाची आहे हे पाहावे. नव्या इमारतींतल्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत फास्टनर घट्ट बसतो. पेठांतल्या जुन्या घरांच्या मातीत बांधलेल्या जाड भिंतींना मात्र वरून गिलावा असला तरी आत पकड मिळत नाही. ड्रिल मारताना लालसर भुकटीऐवजी मऊ माती बाहेर येऊ लागली की काम तेथेच थांबवावे. अशा घरांत टीव्हीसोबत आलेले पाय लावून तो रुंद, जड टेबलावर ठेवणे हेच योग्य. लहान मुले असतील तर टीव्ही पाठीमागून पट्ट्याने बांधून ठेवावा. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून टीव्ही चार बोटे तरी पुढे असावा. उंची अशी ठेवावी की बसल्यावर नजर पडद्याच्या मध्याच्या आसपास पडेल. शोकेसच्या माथ्यावर, देवांच्या फोटोंच्या रांगेत टीव्ही टांगण्याची जी रीत आहे तिने मान दुखते आणि खालून पाहताना व्हीए पडद्याचे रंगही उडतात. पडद्यावर समोरच्या खिडकीचा उजेड पडणार नाही, हेही पाहावे.

पहिल्यांदा चालू करताना ‘होम’ की ‘स्टोअर’ असा प्रश्न येतो. तेथे ‘होम’ निवडावे. त्यानंतर चित्राच्या सेटिंगमध्ये ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ काढून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘मूव्ही’ ठेवावे. पहिले दोन-तीन दिवस चित्र पिवळट वाटते, नंतर डोळे सरावतात आणि माणसांची कातडी माणसांसारखी दिसू लागते. शार्पनेस बराच खाली आणावा. केबलच्या चित्रात तो वाढवला की अक्षरांभोवती पांढऱ्या कडा येतात. बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा प्रकाश, शंभरवर कधीच ठेवू नये, पन्नास ते सत्तरच्या दरम्यान ठेवावा. हा सल्ला केवळ डोळ्यांसाठी नाही: स्वस्त टीव्हीत सर्वांत आधी जातात त्या पडद्यामागच्या एलईडी पट्ट्या, आणि त्या जातात उष्णतेने.

चित्राच्या आकाराचे सेटिंग ‘ऑटो’ किंवा ‘मूळ’ असे ठेवावे. जुने मराठी चित्रपट लावले की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि घरातले कोणीतरी रिमोट घेऊन ते ‘फुल स्क्रीन’ करते. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली याच शहरात सुरू झाली, आणि त्या काळातल्या चित्रपटांची चौकट आजच्यासारखी रुंद नव्हती, जवळजवळ चौकोनी होती. ४:३ प्रमाणाचे चित्र ४३ इंची पडद्यावर ७१ सेंटिमीटर रुंद दिसते आणि दोन्ही बाजूंना बारा-बारा सेंटिमीटर जागा रिकामी उरते. ती रिकामीच राहू द्यावी. ओढून ताणलेल्या चित्रात सडपातळ नायकही पैलवान दिसतो.

इंटरनेटवरून पाहताना एचडी चित्राला तासाला सुमारे तीन जीबी आणि फोर-केला सुमारे सात जीबी डेटा लागतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणाऱ्यांनी ॲपमध्ये चित्राचा दर्जा स्वतःच मर्यादित करून ठेवावा. याच वेळी सेटिंगमधील ‘पाहण्याच्या सवयींची माहिती’ गोळा करण्याची संमती बंद करावी; ती न दिल्याने टीव्हीचे काहीही बिघडत नाही.

वळीव, पाऊस आणि पूर

बहुतेक एलईडी टीव्ही १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळे दाब कमी-जास्त होण्याची त्यांना फारशी भीती नसते आणि वेगळ्या स्टॅबिलायझरवर खर्च करण्याची गरज बहुधा पडत नाही. खरे नुकसान होते ते वीज कडाडताना येणाऱ्या क्षणिक उसळीने. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरून वळीव येतो, तेव्हा रिमोटने टीव्ही बंद करणे पुरेसे नाही. प्लग काढावा, आणि त्याबरोबर केबलची किंवा डिशची वायर व इंटरनेटची वायरही सोडवावी. ही उसळी अनेकदा विजेच्या तारेतून न येता छतावरून आलेल्या केबलमधून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तेथून एचडीएमआयमार्गे टीव्हीच्या मुख्य बोर्डात शिरते. त्यामुळे टीव्ही चालू होतो, पण एकही एचडीएमआय पोर्ट चालत नाही. ही उसळी अडवणारा सर्ज प्रोटेक्टर घ्यावा, मात्र घराचे अर्थिंग नीट नसेल तर तो केवळ महागडा एक्स्टेन्शन बोर्ड ठरतो. केबलची वायर लावताना बोटांना झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग तपासण्याची वेळ आली आहे असे समजून वायरमनला बोलवावे, आणि तोवर कोणतीही वायर प्लग काढल्याशिवाय लावू नये.

जून ते सप्टेंबर टीव्ही रोज थोडा वेळ तरी चालवावा. त्याच्या उबेने आतली दमट हवा सुकते. घर महिनाभर बंद राहिले असेल तर दारे-खिडक्या उघडून काही तासांनी टीव्ही चालू करावा. मागच्या जाळीतून पाली आत शिरतात आणि पॉवर बोर्डावर एकदम दोन टोकांना चिकटून स्वतःबरोबर बोर्डही संपवतात. जाळी झाकू नये, पण टीव्हीमागे ट्यूबलाइट असेल तर ती हलवावी, कारण पाली येतात त्या तिच्यावरच्या किड्यांसाठी.

पंचगंगेच्या पुराचे पाणी ज्या भागांत येते तेथील लोकांनी टीव्हीचे मूळ खोके आणि थर्माकोल टाकून देऊ नये. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत अनेक घरांतले टीव्ही वाहून गेले नाहीत, तर जागच्या जागी बुडाले. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. इशारा पातळी गाठली जात असतानाच टीव्ही उतरवून खोक्यात उभा घालावा आणि वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे पोचवावा. पाण्यात भिजलेला टीव्ही वरून कोरडा दिसला तरी चालू करून पाहू नये. आतला गाळ आणि ओल पहिल्याच क्षणी बोर्ड जाळते. तो उघडून, धुऊन, सुकवून देणारे कारागीर शहरात आहेत, पण पडद्याच्या थरांत पाणी गेले असेल तर त्यांचाही इलाज चालत नाही.

पुसणे आणि दुरुस्ती

पडदा बंद करून, थंड झाल्यावर, कोरड्या मायक्रोफायबर कापडाने हलक्या हाताने पुसावा. डाग निघत नसेल तर कापड किंचित ओले करावे, पाणी पडद्यावर फवारू नये. ओघळ खालच्या कडेतून आत जातो आणि तेथेच पडद्याच्या नाजूक जोडण्या असतात. काच पुसायचा निळा द्रव आणि वर्तमानपत्राचा बोळा या दोन्ही गोष्टी आरशासाठी ठीक आहेत, टीव्हीसाठी नाहीत.

आवाज येतो पण चित्र नाही, अशी तक्रार दोन-चार वर्षांनी अनेक स्वस्त टीव्हींत येते. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरपा धरावा. आत अंधूक चित्र हलताना दिसले, तर पडदा शाबूत असून मागच्या एलईडी पट्ट्या गेल्या आहेत असे समजावे. त्या एका माळेत जोडलेल्या असतात, म्हणून एक दिवा गेला की सगळी माळ विझते. हे काम स्थानिक दुरुस्तीवाला नव्या टीव्हीच्या मानाने बऱ्याच कमी पैशांत करतो. फक्त एकच दिवा न बदलता पूर्ण संच बदलून घ्यावा. उलट, पडद्यावर वरपासून खालपर्यंत रंगीत रेघा आल्या किंवा अर्धा पडदा पांढरा झाला, तर बिघाड पडद्यातच असतो. नव्या पडद्याची किंमत अनेकदा टीव्हीच्या निम्म्याहून जास्त होते, म्हणून वॉरंटी संपली असेल तर अशा दुरुस्तीत पैसे घालू नयेत. अशा वेळी मुख्य बोर्ड, पॉवर बोर्ड आणि रिमोट दुरुस्तीवाल्याला विकता येतात, कारण त्याच मॉडेलच्या दुसऱ्या टीव्हीसाठी त्याला ते हवे असतात.

माळ्यावर पडलेला जुना डबा टीव्ही एक्स्चेंजमध्ये द्यावा किंवा नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे सोपवावा. तांब्याच्या तारेसाठी तो अंगणात फोडायला कोणी मागितला तर देऊ नये, कारण त्याच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते आणि ट्यूब फुटताना काचेचे तुकडे दूरवर उडतात.